पाणी, ॲसिटोन आणि प्रकाशाचा रंग: पोलरायझेबिलिटीच्या कामाची वही (मे ते ऑगस्ट २०२५, रत्नागिरी)

५ मे

पेपर तपासून झाले. तृतीय वर्षाला अपवर्तनांक शिकवताना मी दरवर्षी लॉरेंट्झ-लॉरेंझचं सूत्र फळ्यावर लिहिते, त्यातून अपवर्तनांक आणि घनतेवरून एका रेणूची पोलरायझेबिलिटी (विद्युतक्षेत्रात त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग किती ताणला जातो त्याचं माप) काढून दाखवते आणि पुढच्या धड्याकडे वळते. यंदा एका मुलीने थांबवलं. "मॅडम, हा आकडा मोजमाप न करता, नुसत्या रेणूच्या रचनेवरून काढता येतो का? आणि पिवळ्याऐवजी निळा प्रकाश घेतला तर तो किती बदलेल?"

काढता येतो, एवढं मला माहीत होतं. स्वतः कधी काढला नव्हता. म्हणून ही सुट्टी त्यासाठी. ही मुलगी आणि तिच्याच वर्गातला एक मुलगा, असे आम्ही तिघं. जवळ काय आहे: आठ वर्षं जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, पाय-एससीएफ आणि साय-फोर ही रेणूंचं गणित करणारी दोन मोफत सॉफ्टवेअरं, प्रयोगशाळेतला अपवर्तनांक मोजायचा अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात कुणाला हेच करायचं असेल तर आमचे चुकलेले दिवस तरी वाचावेत, म्हणून तारखेनिशी लिहून ठेवते आहे.

पहिला रेणू पाणी. २० अंशांना पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०, त्यावरून पोलरायझेबिलिटी येते सुमारे ९.९ ए.यू. (ए.यू. म्हणजे अणू-एकक, १ ए.यू. म्हणजे ०.१४८२ घन अँगस्ट्रॉम.) गाठायचा आकडा हा.

८ मे

दोन दिवस इन्स्टॉलेशनमध्ये गेले. पाय-एससीएफच्या जुन्या उदाहरणांत पोलरायझेबिलिटीचा भाग मुख्य पॅकेजमध्येच असतो, नव्या आवृत्तीत तो वेगळ्या पॅकेजात हलवलाय. जुनं उदाहरण चालवलं की "असं मॉड्यूल नाही" एवढंच उत्तर मिळतं. ते वेगळं पॅकेज टाका, पुढे अडत नाही. हे कळायला आमचा अख्खा दिवस गेला.

११ मे

पहिला आकडा: ५.०.

हवा होता साडेनऊ-दहा. आम्ही तिघांनी दिवसभर रेणूची रचना तपासली. ओ-एच बंध ०.९५८ अँगस्ट्रॉम, कोन १०४.५ अंश, सगळं बरोबर. मग आम्ही वापरलेल्या हार्ट्री-फॉक या सर्वांत साध्या गणिती पद्धतीवर संशय घेतला, कारण ती इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना टाळणं नीट धरत नाही. पण त्याने आकडा अर्ध्यावर येत नाही.

१३ मे

सापडलं. बेसिस सेट, म्हणजे ज्या तयार फंक्शनांच्या बेरजेने इलेक्ट्रॉनांचा ढग लिहितात त्यांचा संच. आम्ही साधा सीसी-पीव्हीडीझेड घेतला होता, पाण्यासाठी २४ फंक्शनं. रेणूची ऊर्जा काढायला तो चालून जातो. इथे प्रश्न वेगळा आहे: बाहेरून विद्युतक्षेत्र लागलं की इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे ताणला जातो? बाहेरच्या कडेला, जिथे तो विरळ असतो. त्या कडेला पसरायला आम्ही जागाच दिली नव्हती. डिफ्यूज, म्हणजे दूरवर पसरलेली फंक्शनं घातलेला 'ऑग' सेट घेतला आणि आकडे असे हलले:

सीसी-पीव्हीडीझेड, २४ फंक्शनं: ५.०
सीसी-पीव्हीटीझेड, ५८ फंक्शनं: साडेसहाच्या आसपास
ऑग-सीसी-पीव्हीडीझेड, ४१ फंक्शनं: ८.१
ऑग-सीसी-पीव्हीटीझेड, ९२ फंक्शनं: ८.४

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून बघा. ४१ फंक्शनांचा ऑग-डबल (डीझेड), ५८ फंक्शनांच्या बिन-ऑग ट्रिपलपेक्षा (टीझेड) कितीतरी पुढे आहे. जास्त वेळ आणि मेमरी खर्चून वाईट उत्तर मिळवायचा रस्ता तो दुसऱ्या ओळीचा. सॅडलेजने १९८८ मध्ये खास याच कामासाठी केलेला सेटही चालवून पाहिला. पाण्यासाठी ४२ फंक्शनं, आणि उत्तर ऑग-ट्रिपलच्या जवळ. मशीन लहान असेल तर मी तोच घ्या म्हणेन.

हार्ट्री-फॉक यापुढे फारसं वर जात नाही, साडेआठला टेकतं. उरलेली तूट पद्धतीची आहे. बी३एलवायपी (डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून हिशेब करणाऱ्या पद्धतीचा एक प्रकार) घेतल्यावर पावणेदहाच्या घरात आलो.

१९ मे

आता वारंवारता, म्हणजे प्रकाशाचा रंग. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे २.१०४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मुलाने तो आकडा घातला आणि पाण्याची पोलरायझेबिलिटी आली उणे.

कोड कुठेही अडला नाही, इशारा नाही, लाल अक्षर नाही. चूक एककाची होती. प्रोग्रॅमला वारंवारता हार्ट्रीत हवी असते आणि एक हार्ट्री म्हणजे २७.२११४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आम्ही २.१०४ हार्ट्री, म्हणजे ५७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश पाण्यावर टाकत होतो. इतक्या वेगाने क्षेत्र हललं तर इलेक्ट्रॉन त्याच्या मागे पडतात, क्षेत्र एकीकडे आणि ते दुसरीकडे. म्हणून उणे. गणित बरोबरच होतं, प्रश्न चुकीचा विचारला होता.

तरंगलांबीवरून हार्ट्री काढायचं सोपं सूत्र भिंतीवर लावलंय: ४५.५६३ भागिले नॅनोमीटर. ५८९.३ साठी ०.०७७३, ४३५.८ साठी ०.१०४६, ३५५ साठी ०.१२८३. साय-फोरमध्ये आकड्यांच्या शेवटी एकक लिहिता येतं. न चुकता लिहा. न लिहिल्यास तो हार्ट्री धरतो.

२७ मे

पाऊस यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. पडवीला झाप बांधायचे राहिले होते आणि आंब्याच्या शेवटच्या पेट्या अजून आत होत्या, त्या गडबडीत दोन दिवस गेले.

आज कॉलेजात मशीन सुरूच होईना, नुसता बीप. प्रयोगशाळेतल्या काकांनी झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली आणि खिडकीशी धरून दाखवली. सोनेरी टोकांवर करडा थर. "मॅडम, ही खारी हवा. माझ्या घरच्या रेडिओचं पण असंच होतं." त्यांनी शाळेतल्या मुलांचं पांढरं खोडरबर घेऊन ती टोकं हलक्या हाताने घासली, ब्रशने चुरा झटकला, पट्टी परत बसवली. मशीन सुरू. त्याच वेळी आणखी १६ जीबी रॅम घातली, ३,२०० रुपये. आता केसमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या आहेत, दर रविवारी तव्यावर गरम करून परत ठेवते. समुद्र भाट्याच्या पुलापलीकडे दिसतो इतका जवळ आहे, हे यापुढे हिशेबात धरायचं.

४ जून

रिफ्रॅक्टोमीटर. पाणी ३० अंशांना: १.३३१९. त्यावरून ९.९३. पुस्तकाशी जुळलं, सगळे खूश.

मग ॲसिटोन, आमचा दुसरा रेणू. अ‍ॅबेच्या प्रिझमवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, दुर्बिणीत काळा-उजेडाचा सीमारेषा-पट्टा फुलीवर आणायचा. पाण्यासोबत हे निवांत होतं. ॲसिटोन झाकण मिटेपर्यंतच उडायला लागतं. सीमारेषा फुलीपाशी येते, मग डोळ्यांदेखत तिची कड कुरतडल्यासारखी होते, रंगीत होते, आणि निम्म्या भागात नुसती हवा दिसते. सहा वेळा असं झालं. शेवटी पंखा बंद केला, मुलीने ड्रॉपर बाजूच्या भोकाला लावून धरला आणि मी वाचेपर्यंत ती थेंब सोडत राहिली. वाचन १.३५३५, ३० अंशांना.

यावरून पोलरायझेबिलिटी ४२.७. बी३एलवायपीचा त्याच वारंवारतेचा आकडा ४३.६. दोन टक्के फरक. मुलाने लगेच पद्धतीला दोष दिला आणि मीही मान हलवली.

९ जून

पद्धतीचा दोष नव्हता. अपवर्तनांक आम्ही ३० अंशांना मोजला आणि घनता पुस्तकातली घेतली, ०.७८९९, जी २० अंशांची आहे. पाण्याच्या बाबतीत दहा अंशांनी घनता जेमतेम बदलते, म्हणून तिथे काही कळलं नाही. ॲसिटोन चांगलंच फुगतं. आज स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटलने इथल्याच तापमानाला घनता काढली: ०.७७९. पुन्हा हिशेब: ४३.३.

प्रयोगाचे आकडे थंड देशांतल्या पुस्तकांतून घेतले की हे होतं. आपली प्रयोगशाळा २० अंशांवर वर्षभरात एक दिवसही नसते.

आणखी एक गोष्ट मला खटकते आहे. ४३.३ आणि ४३.६ जवळ आले म्हणून बी३एलवायपी बरोबर ठरत नाही. मोजमाप द्रवाचं आहे, गणित हवेत एकट्या सोडलेल्या रेणूचं. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील. यावर काहीतरी उपाय हवा.

१५ ते २४ जून

कपल्ड क्लस्टर, म्हणजे सीसीएसडी, इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना टाळणं जास्त बारकाईने धरणारी पद्धत. लहान रेणूंसाठी याच्यावर बी३एलवायपीपेक्षा जास्त भरवसा ठेवता येतो, पण वेळ खातो. पाणी ऑग-ट्रिपलमध्ये एका वारंवारतेला पंधरा-वीस मिनिटं. ॲसिटोन ऑग-डबलमध्ये १४६ फंक्शनं आहेत, तिथे एका वारंवारतेला सात तासांच्या आसपास.

सात तास सलग वीज हवी. जूनमध्ये ते मागणं मोठं आहे. १५ तारखेला पाचव्या तासाला गेली. १७ ला सहाव्या तासाला. १९ ला पाच वारंवारता एकाच जॉबमध्ये लावून रात्रभर ठेवलं आणि पहाटे वीस तासांनंतर गेली. एकूण ३१ तासांचं काम पाण्यात. आमची चूक अशी की तात्पुरत्या फाइली टेम्प फोल्डरमध्ये जात होत्या आणि मशीन पुन्हा सुरू झालं की तो फोल्डर आपोआप साफ होतो. जे वाचवता आलं असतं तेही गेलं.

बदल तीन केले. तात्पुरत्या फाइलींना वेगळी डिस्क दिली, ४,८०० रुपये. एका जॉबमध्ये एकच वारंवारता. आणि तिसरा बदल मुलीच्या घरून आला. ती मिरकरवाड्याची. १ जूनपासून मासेमारी बंद, तिच्या वडिलांची होडी वर ओढलेली, आणि होडीची बारा व्होल्टची मोठी बॅटरी घरात नुसती पडून. "मॅडम, बाबा म्हणाले ऑगस्टपर्यंत वापरा, नाहीतर ती चार्ज न होताच खराब होते." काकांनी ती कॉलेजच्या इन्व्हर्टरला जोडून दिली. २१ पासून एकही जॉब पडला नाही.

ॲसिटोन, सीसीएसडी: शून्य वारंवारतेला (स्थिर क्षेत्राला) ४१.५, पिवळ्या प्रकाशाला ४२.५.

२९ जून

हे या सगळ्या कामातलं मला सर्वांत आवडलेलं पान.

प्रत्येक रंगाला सात तास द्यायचे नसतील तर काय करावं? पोलरायझेबिलिटी वारंवारतेसोबत वाढते, पण वक्र सरळ नाही. मी मुलांना सांगितलं, आकड्याचा व्यस्त घ्या, एक भागिले पोलरायझेबिलिटी, आणि तो वारंवारतेच्या वर्गासमोर आलेखावर मांडा. पाण्याचे सीसीएसडीचे आकडे: शून्याला ९.३८, १०६४ नॅनोमीटरला ९.४४, ५८९ ला ९.५८. मुलीने आलेख कागदावर तीन ठिपके टोकदार पेन्सिलीने मांडले आणि पट्टी ठेवली. तिन्ही पट्टीच्या कडेला. मग त्या रेषेवरून तिने ४३५.८ चा आकडा वाचला, ९.७५. मी तो आधीच काढून पाकिटात ठेवला होता: ९.७६. ३५५ लाही रेषेचा आकडा ९.९५ आणि खरा ९.९७. अतिनील भागाकडे जाताना रेषा थोडी कमी सांगायला लागते, तशी ती सांगणारच.

याचं कारण असं की रेणू सगळ्या उत्तेजनांच्या (इलेक्ट्रॉनाच्या वरच्या ऊर्जापातळीवरच्या उड्यांच्या) बेरजेने प्रतिसाद देतो, आणि आपण सगळ्यांपासून बरंच खाली असलो तर ती बेरीज एकाच सरासरी उत्तेजनासारखी वागते. रेषा खाली आडव्या अक्षाला जिथे भिडेल ती ही सरासरी. मुलाने ती वाढवली: ०.५३४ हार्ट्री, साडेचौदा इलेक्ट्रॉन व्होल्ट. तो गोंधळला. पाण्याचं पहिलं उत्तेजन साडेसातच्या आसपास, आणि १२.६ ला तर इलेक्ट्रॉन रेणू सोडूनच जातो. मग साडेचौदा कुठून? ही सरासरी आहे, आणि पाण्याच्या प्रतिसादाचा मोठा वाटा आयनीभवनाच्या पलीकडून येतो. त्या आकड्याला पहिलं उत्तेजन समजू नका, वर्णपटात तिथे कुठलीही रेषा शोधू नका. आम्ही अर्धा दिवस शोधली.

दोन किंवा तीन वारंवारता नीट काढा, बाकी पट्टीने वाचा. ॲसिटोनसाठी यामुळे निदान २८ तास वाचले.

५ जुलै

९ जूनच्या प्रश्नावर उपाय सापडला असं वाटतंय. निव्वळ आकडा तपासायचाच नाही. निळ्या प्रकाशाचा आकडा भागिले पिवळ्या प्रकाशाचा, हे गुणोत्तर तपासायचं. लॉरेंट्झ-लॉरेंझच्या सूत्रात घनता दोन्हीकडे सारखीच, ती भागाकारात उडून जाते. तापमानाची कटकट बरीचशी गेली. द्रव आणि एकटा रेणू यांतला फरकही काही प्रमाणात कटतो, सगळा नाही.

अ‍ॅबेवर फक्त पिवळ्याचं वाचन मिळतं. निळ्यासाठी भौतिकशास्त्र विभागाचा स्पेक्ट्रोमीटर, पाऱ्याचा दिवा आणि काचेचा पोकळ प्रिझम मागून आणला. प्रिझममध्ये पाणी भरायचं आणि किमान विचलनाचा कोन मोजायचा, प्रथम वर्षाला करतात तोच प्रयोग.

पहिला दिवस नुसता सफाईत गेला. दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीची जाळी धरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंची. दर पावसाळ्यात कोकणातल्या प्रत्येक भिंगावर ती येते. पाण्यात बुडबुडे होते, म्हणून उकळून थंड केलेलं पाणी भरलं. रिकामा प्रिझम ठेवून पाहिला तर प्रकाश चार कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळत होता, म्हणजे त्याच्या काचा पूर्ण समांतर पृष्ठांच्या नाहीत. तेवढी दुरुस्ती प्रत्येक वाचनात केली. प्रिझमचा कोन ६० अंश लिहिलेला, मोजल्यावर ५९ अंश ५२ कला. हे दोन्ही न तपासता मोजलं असतं तर सगळं वाया गेलं असतं, कारण पिवळ्या आणि निळ्यामधला पूर्ण फरकच सुमारे ३३ कलांचा आहे.

८ जुलै

पाणी, २८ अंश. सोडियमचा पिवळा: १.३३२३. पाऱ्याचा ४३५.८ चा निळा: १.३३९४. दोघांनी वेगवेगळी दहा-दहा वाचनं घेतली, त्यांची सरासरी. गुणोत्तर १.०१९४. आमच्या स्पेक्ट्रोमीटरवर एक कलेपलीकडे वाचता येत नाही, त्यामुळे शेवटच्या जागेत आठाची अनिश्चितता: १.०१८६ ते १.०२०२.

गणिताचे आकडे:
हार्ट्री-फॉक: १.०१५
बी३एलवायपी: १.०२१
सीसीएसडी: १.०१९

निव्वळ आकड्यांत बी३एलवायपी प्रयोगाच्या सर्वांत जवळ होतं, ९.९ च्या शेजारी. रंगासोबतचा बदल बघितला की ते जास्त तीव्र निघतं आणि हार्ट्री-फॉक मंद. मे महिन्यात तिथेच थांबलो असतो तर मी वर्गात बी३एलवायपीचं कौतुक करून मोकळी झाले असते.

तरी सीसीएसडी जुळलं म्हणून निर्धास्त नाही. द्रवात पाण्याचं पहिलं शोषण वाफेपेक्षा वरच्या ऊर्जेला सरकतं, त्याचा परिणाम या गुणोत्तरात उरतोच. शंभर टक्के न्याय करायचा तर वाफेचा अपवर्तनांक हवा, आणि ती सोय आमच्याकडे नाही.

१२ जुलै

नुकसान. पोकळ प्रिझममध्ये ॲसिटोन भरलं. दहा मिनिटांत खालच्या कडेने गळायला लागलं आणि स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावरचा काळा रंग पुसून गेला. प्रिझमची एक कड पूर्वी कधीतरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने डागडुजी केलेली होती, आणि तो गोंद ॲसिटोनमध्ये विरघळतो. रसायनशास्त्राची शिक्षिका असून भरण्याआधी मी हे विचारलं नाही. भौतिकच्या सरांकडे जाऊन सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "रंग मारून घेऊ, पण प्रिझम पाण्यासाठीच ठेवा." रंगकाम आणि काच ४५० रुपये.

ॲसिटोनचं निळं वाचन त्यामुळे नाही. सेंद्रिय द्रव भरायचा असेल तर वितळवून जोडलेल्या काचेचा प्रिझम लागतो.

२० जुलै

मोजमाप नाही तर निदान गणित पुढे नेऊ. ॲसिटोन आणि अतिनील प्रकाश. २८० नॅनोमीटरच्या आसपास ॲसिटोनचं पहिलं उत्तेजन आहे. प्रयोगशाळेत ३३० च्या खाली ते विद्रावक म्हणून चालत नाही, हे मुलांना माहीत असतं. म्हणून आमची अपेक्षा: तिथे पोलरायझेबिलिटीचा आकडा उधळेल.

पुनरावृत्तीने समीकरण सोडवणारी पद्धत त्या भागात जुळेचना, फेऱ्यांवर फेऱ्या. दोन संध्याकाळी गेल्या. मग रस्ता बदलला. रेणू लहान आहे, १६ भरलेल्या कक्षा, १३० रिकाम्या, जोड्या २,०८०. एवढा मॅट्रिक्स पूर्ण बांधून एकदाच डायगोनलाइज केला तर सगळी उत्तेजनं आणि त्यांच्या तीव्रता हातात येतात. त्यापुढे कुठल्याही वारंवारतेला नुसती बेरीज. हजार ठिपके दोन सेकंदांत. लहान रेणूंवर हार्ट्री-फॉक किंवा डीएफटीने काम करणाऱ्यांनी पहिल्यापासून हेच करावं. आम्ही दोन महिने उशिरा शहाणे झालो.

आणि २८२ नॅनोमीटरला वक्र शांत. काही नाही. सरळ निघून गेला.

मुलीने दहा मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हे निषिद्ध आहे ना?" बरोबर. ॲसिटोनच्या सममितीत ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीतून पाय-स्टार या रिकाम्या कक्षेत जाणारं हे उत्तेजन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला दिसतच नाही. उत्तेजन आहे, त्याची तीव्रता शून्य, म्हणून बेरजेत त्याचा वाटा शून्य. खऱ्या बाटलीत जो क्षीण पट्टा दिसतो तो रेणू थरथरत असल्यामुळे सममिती क्षणोक्षणी मोडते म्हणून. पडताळा घ्यायला एका मिथिल गटाला जरासं फिरवून पुन्हा चालवलं, आणि २८२ ला सुईसारखा बारीक काटा उगवला. तिने ते दोन्ही आलेख एकावर एक छापून वहीत चिकटवलेत.

पुनरावृत्ती का जुळत नव्हती तेही कळलं: तीव्रता शून्य असली तरी समीकरणाच्या मॅट्रिक्समध्ये ते उत्तेजन बसलेलं असतंच.

२ ऑगस्ट

पुढच्या, खरोखर प्रकाश शोषणाऱ्या उत्तेजनापाशी आकडा दोन्ही बाजूंना अनंताकडे पळतो. निसर्गात तसं होत नाही, उत्तेजित रेणू लगेच खाली येतो. म्हणून वारंवारतेत एक काल्पनिक भाग मिळवायचा, ०.००४५५६ हार्ट्री, म्हणजे १००० प्रति सेंटिमीटर. हा आकडा अशा कामात सर्रास वापरतात, त्यात त्या रेणूचं काही खास नाही. काटे गोल झाले, आणि उत्तराच्या काल्पनिक भागातून शोषणाचा वर्णपटही मिळाला.

त्यात बी३एलवायपीचं दुखणं उघडं पडलं. ॲसिटोनचं ते उत्तेजन प्रयोगात ६.३५ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे, बी३एलवायपी सहाच्या खाली दाखवतं. इलेक्ट्रॉन रेणूपासून लांब जातो तिथे त्याची ओढ हे फंक्शनल कमी धरतं. उत्तेजनं खाली सरकली की त्यांच्याकडे जाणारा चढ लवकर सुरू होतो. पाण्यातही तसंच होत असणार, आणि ८ जुलैच्या १.०२१ चं कारण मला हेच वाटतं. २००४ चं कॅम-बी३एलवायपी नेमकं यासाठी केलेलं आहे. ते घेतल्यावर शिखर ६.३ च्या जवळ आलं, वेळ थोडाच जास्त लागला. यापुढे वर्गात तेच वापरणार.

१९ ऑगस्ट

होडी समुद्रात गेली, बॅटरी परत दिली. मुलीचे वडील स्वतः न्यायला आले होते. त्यांना आलेख दाखवला. ते म्हणाले, खोल पाणी निळं का दिसतं ते यात आहे का? नाही, ते वेगळं. पाणी लाल प्रकाश थोडासा शोषतं, आणि तो वाटा रेणूच्या कंपनांचा आहे, आमच्या गणितात तो आलेलाच नाही. हे सांगताना मलाच जाणवलं की कंपनांचा भाग आम्ही सगळीकडेच सोडून दिलाय, पिवळ्या-निळ्या प्रकाशाला तो लहान असतो एवढ्यावर.

खर्च: रॅम ३,२००, डिस्क ४,८००, ॲसिटोन ३८०, रंग आणि काच ४५०. एकूण ८,८३० रुपये, सगळे माझे, कॉलेजकडे अजून मागितलेले नाहीत. वेळ: मशीनचे सुमारे २१० तास, त्यांतले ३१ विजेने गेले आणि निदान ४० चुकीच्या बेसिसने.

सर्व इनपुट फाइली आणि वाचनांचे तक्ते प्रयोगशाळेच्या संगणकावर 'ध्रुवण' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, तापमान प्रत्येक वाचनासोबत लिहिलेलं आहे. नव्या प्रिझमची चौकशी मुंबईच्या एका काचकाम करणाऱ्याकडे केली आहे, त्याने गणपतीनंतर भाव सांगतो म्हटलंय. २७ ला गणपती. मशीन बंद करून वर प्लास्टिक टाकलं, सिलिका जेल बदललं.